गव्हावरील संशय

लंडन शहरांत ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर लहान मुलांचें एक प्रसिद्ध रुग्णालय आहे. ता. ५ ऑक्टोबर १८८७ रोजीं त्या रुग्णालयांत डॉ. सॅम्युएल गी यांनीं एका जुनाट दुखण्यावर व्याख्यान दिलें. हें दुखणें कोणत्याहि वयांत होत असलें, तरी एक ते पांच वर्षांच्या मुलांस तें विशेषेंकरून जडतें, असें त्यांचें निरीक्षण होतें. अंगावरचें दूध सुटून मूल घरांतलें सर्वसाधारण अन्न खाऊं लागलें, कीं कांहीं महिन्यांतच त्याची कळा पालटे. हसतें-खेळतें मूल किरकिरें होई. हातपाय काटकुळे होत, पोट मात्र नगाऱ्यासारखें फुगे. शौचास फिकट, पातळ, फेसाळ व अतिशय दुर्गंधीचें होई, आणि खाल्लेल्या अन्नापैकीं फारच थोडें अंगीं लागे. वाढ खुंटे, चालावयास शिकलेलें मूल पुन्हां बसून राही. कित्येक मुलें अशा स्थितींत वर्षेंच्या वर्षें काढीत, आणि कित्येक दगावत. आई-बापांच्या डोळ्यांदेखत, भरल्या घरांत, मूल उपासमारीनें झिजावें तसें झिजत जाई.

या रोग्यांस गुण यावयाचाच असेल, तर तो औषधानें नव्हे, पथ्यानेंच येईल, हा गी यांचा निष्कर्ष होता. त्या दिशेनें त्यांनीं प्रयोगहि केले. गाईचें दूध या मुलांस मानवत नाहीं. पिष्टमय पदार्थ होतील तितके कमी द्यावेत. तांदूळ, साबूदाणा व मक्याचें पीठ हीं तर वर्ज्यच करावींत, असें त्यांनीं सांगितलें. पाव मात्र पातळ कापून दोन्ही बाजूंनीं चांगला भाजून द्यावयास त्यांची हरकत नव्हती. पुढचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें वाचून नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. जो भात निर्दोष होता तो वर्ज्य ठरला, आणि ज्या पावांत सर्व दोष होता तो खरपूस होऊन ताटांत राहिला.

याच व्याख्यानांत गी यांनीं एका मुलाची हकीकत सांगितली आहे. त्या मुलास रोज सुमारें लिटरभर मापाचे, हॉलंडहून येणारे उत्तम शिंपले खावयास देत असत. त्या अन्नावर तें मूल आश्चर्यकारक रीतीनें सुधारलें. पुढें शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणें उलटलें. दुसऱ्या वर्षीं हंगाम आला तेव्हां मात्र मुलाला शिंपल्यांचा इतका वीट आला होता कीं, कांहीं केल्या तें त्यांना तोंड लावीना. शिंपल्यांत असा कोणता गुण असावा, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत यावा हें साहजिक होतें. परंतु शिंपल्यांनीं पोट भरलेलें तें मूल त्या दिवसांत काय खात नव्हतें, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायीं पुढचीं पन्नास-साठ वर्षें गेलीं.

या दुखण्याचें वर्णन गी यांनींच प्रथम केलें असें नाहीं. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत आशिया मायनरमधील कॅपाडोशिया प्रांतांत अरेटीअस नांवाचा एक मोठा ग्रीक वैद्य होऊन गेला. न पचलेलें अन्न तसेंच बाहेर पडतें व शरीर क्षीण होत जातें, अशा एका दीर्घकालीन विकाराचें त्यानें बारकाईनें वर्णन केलें, आणि पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नांव दिलें. अरेटीअसला हा विकार प्रौढांत, व त्यांतहि स्त्रियांत अधिक दिसला होता. फ्रान्सिस ॲडम्स या विद्वानानें त्याच्या ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर केलें. तें लंडनच्या सिडनहॅम सोसायटीनें १८५६ सालीं प्रसिद्ध केलें. गी यांनीं आपल्या रोगास तेंच जुनें ग्रीक नांव योजिलें. आज ज्यास सीलिअ‍ॅक रोग म्हणतात, त्याच्या नांवाचा हा असा इतिहास आहे. नांव प्राचीन, वर्णनहि प्राचीन. कारण मात्र अज्ञात, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिति होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या प्रश्नाची चर्चा अमेरिकेंत अधिक होऊं लागली. न्यूयॉर्कचे ख्रिश्चन हर्टर यांनीं १९०८ सालीं या विषयावर एक पुस्तक लिहिलें. आंतड्यांतील जंतूंमुळें हा रोग होत असावा असा त्यांचा तर्क होता. तो टिकला नाहीं. परंतु या मुलांस पिष्टमय पदार्थांपेक्षां चरबी बरी सोसते, हें त्यांचें निरीक्षण पुढील वैद्यांनीं मानलें. जॉन हॉवलंड यांनीं १९२१ सालीं पिष्टमय पदार्थांसच मुख्य दोषी ठरवून पायरीपायरीनें वाढवीत नेण्याचें एक पथ्य सांगितलें. हें पथ्य सांभाळणें सोपें नव्हतें. महिनोगणती मुलाला तेंच तें अन्न द्यावयाचें, त्याचें वजन रोज टिपावयाचें, आणि थोडी सुधारणा दिसतांच एकेक पदार्थ वाढवीत जावयाचें. मग एखाद्या दिवशीं पावाचा तुकडा किंवा बिस्किट पोटांत जाई, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां पहिले पाढे पंचावन्न!

याच सुमारास केळ्यांचा उपचार पुढें आला. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनीं १९२४ सालीं एक निबंध प्रसिद्ध करून, पिकलेल्या केळ्यांच्या आहारावर आठ मुलांस चांगला गुण आल्याचें सांगितलें. त्यांच्या पथ्यांत पाव, बिस्किटें, बटाटे व सर्व प्रकारचें धान्य वर्ज्य होतें. मुलें खरोखरच सुधारलीं. फुगलेलीं पोटें उतरलीं, हातापायांवर मांस चढलें, आणि ज्यांची आशा सुटली होती अशीं मुलें चालूं-बोलूं लागलीं. ही वार्ता सर्वत्र पसरली, व पुढें पंचवीस वर्षें केळें हाच या रोगावरचा मुख्य उपाय होऊन बसला. या पथ्यानें कित्येक मुलांचे प्राण वाचले, यांत शंका नाहीं.

हास यांच्या त्याच निबंधांत एक मोठी मार्मिक नोंद आहे. पोर्टो रिको बेटांतील शहरवासी लोक पाव पुष्कळ खातात, आणि त्यांस अतिसाराचा एक जुनाट विकार जडतो. उलट, मुख्यतः केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांस तो होत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें आहे. उत्तर त्यांच्या हाताशीं आलें होतें. परंतु हास यांनीं त्यांतून केळ्याची थोरवी तेवढी उचलली, आणि पावाचा दोष तेथेंच राहूं दिला. याचा परिणाम असा झाला कीं, मूल सुधारलें म्हणजे तें कायमचें बरें झालें असें समजण्यांत येई व त्यास पुन्हां घरचें नेहमींचें अन्न सुरू होई. त्या अन्नांत गहूं असेच. कांहीं मुलांचें दुखणें उघडपणें उलटे. कांहींच्या बाबतींत तें वर्षानुवर्षें आंतल्या आंत धुमसत राही.

एवढ्या बुद्धिमान् व अनुभवी वैद्यांच्या नजरेंतून गहूं कसा निसटला, हा प्रश्न कोणालाहि पडेल. त्याचें एक कारण असें कीं, युरोपांत पाव म्हणजे केवळ एक खाद्यपदार्थ नव्हे. तो अन्नाचाच पर्याय आहे. ख्रिस्ती लोक आपल्या नित्याच्या प्रार्थनेंत देवापाशीं मागतात तें हेंच अन्न. आजाऱ्याला प्रथम काय द्यावें, तर दुधांत भिजविलेला पाव. मुलाच्या हातीं प्रथम काय द्यावें, तर त्याचाच भाजलेला तुकडा. जी वस्तु सर्वांच्या ताटांत रोज असते, तिच्यावर संशय घेण्याचें कोणाच्या सहसा मनांत येत नाहीं. घरांत चोरी झाली तर आल्यागेल्याची झडती होते. घरच्या वडील माणसाकडे कोणी पाहत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार होता.

दुसरें कारण असें कीं, गव्हांतील ज्या घटकांत हा दोष आहे, तोच गव्हाचा सर्वांत मोठा गुण म्हणून प्रसिद्ध होता. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखालीं चोळीत राहिलें, म्हणजे पिठूळ पांढरा भाग धुऊन जातो व हातांत रबरासारखा चिवट, ताणला जाणारा एक लगदा उरतो. इटलींतील बोलोन्या येथील याकोपो बेक्कारी या शास्त्रज्ञानें हा पदार्थ प्रथम वेगळा काढला; त्याचा निबंध १७४५ सालीं प्रसिद्ध झाला. या पदार्थास ग्लूटेन म्हणतात. पोळी तुटत नाहीं व पाव फुगून हलका होतो, तो याच्यामुळेंच. एकोणिसाव्या शतकांत तर बूशार्दा या फ्रेंच वैद्यानें मधुमेह्यांसाठीं मुद्दाम ग्लूटेनचाच पाव करविला होता. असें पौष्टिक म्हणून नांवाजलेलें सत्त्व कांहीं मुलांच्या जिवावर उठत असेल, ही कल्पना सुचणेंहि अवघड होतें.

ती सुचली हॉलंडमधील एका तरुण डॉक्टरास. विलेम कारेल डिके यांचा जन्म १९०५ सालीं डॉर्ड्रेख्त या गांवीं झाला. लायडन येथें वैद्यकाचा अभ्यास पुरा करून ते हेग शहरांतील जुलियाना बालरुग्णालयांत आले, आणि १९३६ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या शोधाचा आरंभ कोणत्याहि प्रयोगशाळेंत झाला नाहीं. या रोगानें पीडलेल्या एका मुलाच्या आईनें त्यांस सांगितलें कीं, मुलाचा पाव बंद केला म्हणजे त्याच्या अंगावर उठणारें पुरळ झपाट्यानें कमी होतें. डिके यांनीं स्वतः पुढें ही गोष्ट सांगितली आहे. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरानें मान डोलावून ती सोडून दिली असती. डिके यांनीं ती मनांत ठेवली, आणि १९३४ ते १९३६ या काळांत आपल्या रोग्यांचा गहूं बंद करून काय होतें तें पाहण्यास प्रारंभ केला.

त्यांची रीति साधी, पण अत्यंत चिकाटीची होती. एकच मूल डोळ्यांसमोर ठेवावयाचें. गहूं बंद असतांना त्याचें वजन, उंची व भूक कशी आहे तें टिपावयाचें. मग गहूं देऊन पुन्हां टिपावयाचें. आणि हें महिनोन् महिने, किंबहुना वर्षानुवर्षें चालू ठेवावयाचें. या रोगाचा परिणाम एका दिवसांत दिसत नाहीं. पाव दिल्यानंतर कित्येकदां आठवडे लोटल्यावर दुखणें उमटतें, आणि म्हणूनच कारण व कार्य यांची गांठ इतरांना पडली नव्हती. गेलेल्या काळाचा हिशेब ठेवणाऱ्यालाच ती दिसण्यासारखी होती. १९४१ सालीं डिके यांनीं एका डच वैद्यकीय पत्रांत लहानसा लेख लिहून या मुलांसाठीं एक सोपें पथ्य सुचविलें. त्यांत केळ्यांची सक्ति नव्हती, मोजमापाचा जाच नव्हता. मुख्य सूचना एवढीच कीं, पाव व त्याची सुकी बिस्किटें देऊं नयेत. त्या जेवणाच्या जागीं गव्हाच्या पिठावांचून केलेली लापशी द्यावी.

त्या वेळीं हॉलंड देश जर्मन सैन्याच्या ताब्यांत होता, आणि एका छोट्या भाषेंतल्या त्या लेखाकडे बाहेरच्या जगाचें लक्ष जाण्याचा संभव नव्हता. पुढें १९४४ सालच्या हिवाळ्यांत त्या देशावर फार मोठें संकट कोसळलें. सप्टेंबरांत डच रेल्वे कामगारांनीं दोस्त सैन्यास मदत व्हावी म्हणून संप पुकारला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनीं देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारें अन्न अडविलें. कडाक्याच्या थंडीनें कालवे गोठले. अॅम्स्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांतील माणसांचा शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याहि खालीं गेला. लोकांनीं बीट खाल्लें, ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. सुमारें वीस हजार माणसें त्या हिवाळ्यांत भुकेनें व तिच्यामुळें आलेल्या दुखण्यांनीं मेलीं. डच लोक त्यास आजहि भुकेचा हिवाळा म्हणतात.

या भीषण दिवसांत हेगच्या बालरुग्णालयांतहि पाव मिळेनासा झाला. इतर मुलें रोडावत होतीं. परंतु डिके यांच्या सीलिअ‍ॅक रोगी मुलांची प्रकृति, कंदमुळांसारखें मिळेल तें खाऊन, उलट सुधारलेली दिसली. ता. २९ एप्रिल १९४५ पासून दोस्तांच्या विमानांनीं हॉलंडवर बाँबच्या ऐवजीं अन्नाचीं पोतीं टाकण्यास सुरुवात केली. लोक घरांच्या छपरांवर चढून विमानांकडे पाहून हात हालवीत होते. कित्येक महिन्यांनीं पांढरा पाव पाहून मोठीं माणसेंहि रडलीं. रुग्णालयांतहि पाव आला. आणि ज्या मुलांनीं भुकेच्या हिवाळ्यांत बाळसें धरलें होतें, त्यांचें दुखणें तो पाव पोटांत जातांच पुन्हां उलटलें. सगळ्या देशाला ज्या अन्नानें जीवदान दिलें, त्याच अन्नानें हीं थोडीं मुलें आजारी पडलीं. ज्या डॉक्टरानें आठ-दहा वर्षें याच एका गोष्टीवर नजर ठेवली होती, त्याच्या मनांत आतां शंकेला जागा उरली नाहीं.

युद्धानें डिके यांना हा शोध लावून दिला असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. तें सर्वस्वीं खरें नाहीं. भुकेच्या हिवाळ्यापूर्वींच त्यांनीं गव्हावर बोट ठेवलें होतें. युद्धानें त्यावर शिक्कामोर्तब केलें, इतकेंच. भूक सगळ्यांनीं पाहिली. परंतु त्या भुकेंतहि कोणतीं मुलें सुधारतात हें दिसावयाला त्यांच्याकडे आधींपासून पाहत असणारा माणूस लागतो.

आतां ही गोष्ट शास्त्रज्ञांस पटेल अशा रीतीनें मांडणें अवश्य होतें. युट्रेख्त येथें डिके यांना दोन चांगले सहकारी लाभले. वान डे कामर हे रसायनशास्त्रज्ञ होते; त्यांनीं मळांतील चरबी मोजण्याची एक सोपी व अचूक पद्धति १९४९ सालीं प्रसिद्ध केली. वाइअर्स हे बालरोगतज्ज्ञ होते. जेवणांतून किती चरबी पोटांत गेली आणि मळावाटे किती वायां गेली, याचा हिशेब आतां आंकड्यांत मांडतां येऊं लागला. गहूं किंवा राय दिली कीं वायां जाणारी चरबी वाढे. भात, मका किंवा बटाटा दिला तर वाढत नसे. गव्हांतलें निव्वळ पिष्ट वेगळें काढून दिलें तरी अपाय होत नसे. म्हणजे दोष पिष्टांत नव्हताच. गी यांच्यापासून हॉवलंड यांच्यापर्यंत सर्वांनीं ज्याला आरोपी ठरविलें होतें, तें निर्दोष सुटलें. डिके यांनीं हें सर्व १९५० सालीं युट्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या आपल्या प्रबंधांत मांडलें.

१९५२ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील शार्लट अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाच प्रयोग आपल्या रोग्यांवर करून पाहिला, आणि अपाय करणारा भाग म्हणजे गव्हांतील ग्लूटेन होय, हें लॅन्सेट या पत्रांत जाहीर केलें. बेक्कारीनें कणीक धुऊन काढलेला तो चिवट लगदा दोनशें वर्षांनंतर असा दोषी ठरला. वयोवृद्ध हास यांना मात्र हें पटलें नाहीं. आपलें केळ्यांचें पथ्य रोग मुळापासून बरा करतें, हा आग्रह त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं. त्यांचा हेतु निर्मळ होता व त्यांच्या हातून बरीं झालेलीं मुलें त्यांच्या डोळ्यांपुढें होतीं. परंतु जो उपाय अर्धा खरा असतो, तो सोडणें खोट्या उपायापेक्षांहि कठीण जातें.

ग्लूटेन पोटांत जाऊन नेमकें काय करतें, हें पुढें हळूहळू उलगडलें. पूर्वीं या रोग्यांचें आंतडें पाहावयास मिळे तें मृत्यूनंतर, आणि तोंवर तें इतकें बिघडलेलें असे कीं कांहीं निश्चित सांगतां येत नसे. १९५४ सालीं पॉली या इंग्रज डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं काढलेले जिवंत आंतड्याचे तुकडे तपासून त्यांतील विकृति दाखविली. १९५६ सालीं लंडनच्या मार्गोट शाइनर यांनीं तोंडावाटे नळी घालून लहान आंतड्याचा कण काढण्याची युक्ति साधली. निरोगी आंतड्याच्या आंतल्या बाजूवर मखमलीसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. अन्नाचा रस त्यांच्यावाटे रक्तांत शिरतो. या रोग्यांचे हे अंकुर झडून आंतडें सपाट झालेलें असतें. पेरलेलें शेत खरवडून काढावें तशी ती अवस्था होय. गहूं सोडला म्हणजे तेंच शेत पुन्हां हिरवें होतें. १९९७ साली बर्लिन येथील शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें कीं, या रोगांत शरीराची संरक्षणशक्ति आपल्याच ऊतींतील एका द्रव्यावर उलटते. त्यामुळें रक्ताच्या तपासणीवरून रोगाचा अंदाज घेणें पुष्कळ सोपें झालें. हा रोग ज्यांच्या अंगीं विशिष्ट आनुवंशिक खूण आहे अशांनाच होतो, तो कोणत्याहि वयांत प्रकट होऊं शकतो, आणि एकदां प्रकट झाला म्हणजे गव्हाचें पथ्य जन्मभर पाळावें लागतें. अरेटीअसची प्रौढ माणसें व गी यांचीं लहान मुलें हीं एकाच दुखण्याचीं धनी होतीं, हेंहि यावरून सिद्ध झालें.

हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, आपल्याकडे तो नाहीं, अशी समजूत पुष्कळ वर्षें होती. ती चुकीची ठरली. पंजाब, हरयाणा, दिल्ली या गहूं खाणाऱ्या मुलुखांत केलेल्या पाहणींत शंभरांत सुमारें एकास हा विकार असल्याचें दिसून आलें आहे. भात खाणाऱ्या दक्षिणेंत तो बराच कमी आढळतो. महाराष्ट्राचें मूळचें अन्न ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ. यांपैकीं एकांतहि ग्लूटेन नाहीं. गव्हाची पोळी पूर्वीं पुष्कळ घरांत सणावारापुरती असे. १९५६ सालच्या करारानंतर अमेरिकेचा गहूं शिधावाटपाच्या दुकानांतून मिळूं लागला, आणि शहरांतून तर पोळी रोजची झाली. ज्याच्या पोटाला ती सोसत नाहीं, त्यास नवें कांहीं शिकावयाचें नाहीं. आजीच्या भाकरीकडे परत जावयाचें आहे. उपासाची वरई, राजगिरा, शिंगाडा व साबूदाणा हेहि त्यास निर्धोक आहेत.

तथापि हें पथ्य वाटतें तितकें सोपें नाहीं. रवा, मैदा, शेवया व लापशी हीं गव्हाचींच रूपें आहेत. खपली गहूं पचावयास हलका म्हणून नांवाजलेला असला, तरी तोहि गहूंच. जवांतहि हाच दोष असल्यानें सातूचें पीठ चालत नाहीं. थालीपिठाच्या भाजणींत पुष्कळ घरीं मूठभर गहूं असतात. बाजारच्या हिंगांत बहुधा कणीक मिसळलेली असते. गिरणींत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली, तर पहिल्या दळणाचें पीठ दुसऱ्यांत उतरतें. ग्लूटेनविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत किलोमागें २० मिलिग्रामपेक्षां अधिक ग्लूटेन असूं नये, असा नियम आपल्या देशांतहि आहे. यावरून किती अल्प अंशाचा विचार करावा लागतो तें ध्यानीं येईल. उलटपक्षीं, केवळ संशयावरून आपल्या मनानें गहूं सोडणेंहि इष्ट नव्हे. आधीं गहूं सोडला तर रक्तांतील खुणा नाहींशा होत जातात, व पुढें तपासणींतून निश्चित कांहींच कळत नाहीं.

खरी अडचण स्वयंपाकघराबाहेर येते. होळीच्या दिवशीं पुरणपोळीचें ताट पुढें आलें असतां सात-आठ वर्षांच्या मुलानें हात आंखडावा, हें पाहणें घरच्यांस जड जातें, आणि एखाद्या प्रेमळ आप्तानें, "एका घासानें काय होतें?" म्हणून आग्रह केला, तर त्या मुलाच्या आईस उत्तर देणें त्याहून जड जातें. आग्रह हा आपल्याकडे आतिथ्याचा भाग आहे. परंतु या रोगांत एका घासानेंच होतें, आणि तें दिसावयास पुष्कळ दिवस लागतात. म्हणूनच तर गी, हर्टर, हास यांच्यासारख्यांची दृष्टि चकली. त्या आईनें नको म्हटलें, तर तो तिचा हट्ट नव्हे. ती जें सांगते त्यामागें पन्नास-साठ वर्षांचा शोध व कित्येक मुलांचे प्राण आहेत.

डिके १९६२ सालीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं वारले. ज्या रोगानें मुलें हमखास झिजत, तो केवळ एक धान्य ताटांतून काढून आटोक्यांत येतो, हें पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें. हेग येथील त्या आईचें नांव मात्र इतिहासांत नाहीं. मोठमोठे वैद्य मुलाला काय द्यावें याचा विचार करीत होते, तेव्हां आपल्या मुलाला काय दिलें नाहीं म्हणजे बरें वाटतें, हें तिनें पाहिलें होतें. आणि तिचें म्हणणें ऐकून घेणारा डॉक्टर तिला भेटला.